असू दे

सांगलीत 'असू दे' हे दोन शब्द नसते तर निम्मे व्यवहार अडले असते. मंडईत सुटे दोन रुपये नसले की भाजीवाल्या मावशी म्हणणार, "असू दे, उद्या द्या." गर्दीत पिशवीचा धक्का लागला, "असू दे, असू दे." भडंग तोलून झालं तरी दुकानदार वरून मूठभर टाकणार, आणि नको म्हटलं तर पुन्हा तेच: "असू दे की ताई, वाटेत खायला." माफी, उधारी, वरकड, सगळं यात भागतं. 'धन्यवाद' आमच्याकडे सत्कारापुरता.

आमचं घर गावभागात. कृष्णेचं पाणी आम्हाला नवं नाही. आयर्विन पुलापाशी 40 फुटांवर इशारा, 45 वर धोका, हे इथल्या पोरांना पाढ्यासारखं पाठ असतं. 2005 च्या पुराची रेघ आमच्या भिंतीवर होती, माझ्या कपाळाएवढी. 2019 च्या ऑगस्टमध्ये घर सोडायची वेळ आली तेव्हा आई म्हणाली, बाबांच्या वह्या बरोबर घेऊ. बाबा रोज रात्री हिशोबाच्या वहीत चार ओळी लिहायचे. कांदा केवढ्याला, कोण आलं, कोण गेलं. मी म्हटलं, "अगं, रेघेच्या वर ठेवते. तिथवर पाणी येतंय होय!" वह्या वरच्या फळीवर रचल्या, कुलूप लावलं आणि आम्ही मिरजेला मावशीकडे गेलो.

त्या वर्षी पाणी 57 फुटांवर गेलं.

परतलो तेव्हा घरात घोटाभर गाळ होता आणि फळीवर लगदा. आईनं त्यातली एक वही उचलली. पानं सुटेनात. तिनं ती तशीच उन्हात ठेवली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "असू दे."

गल्लीत तेव्हा कुठल्या कुठल्या गावांहून फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या येत होत्या. ओळख ना पाळख, पोरं खोरी घेऊन गाळ उपसत होती. त्यातल्या एकाच्या हातून आमचा धड राहिलेला एकुलता आरसा फुटला. बिचारा गोरामोरा झाला. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "असू दे रे बाळा, तसंही तोंड बघण्यासारखी अवस्था नाही." तो हसला.

वह्यांचं मात्र मला तसं म्हणता येईना. एका पिशवीत मावल्या असत्या, हा हिशोब मी कितीतरी रात्री मांडला. हीच चूक बहिणीनं केली असती तर मी दुसऱ्यांदा विषयही काढला नसता. जगाला उधार देणारी जीभ स्वतःपाशी आली की सावकार होते, व्याजासकट वसूल करते. आईची माफी मी हातात धरून होते, पण खर्चायला मन धजत नव्हतं.

हल्ली सराव चालू आहे. बारीकसारीक गोष्टींवर, मोठं एकदम झेपत नाही. परवा फोनच्या नादात दूध उतू गेलं. कपाळावर मारायला उचललेला हात मी खाली घेतला आणि मोठ्यानं म्हटलं, "असू दे."

आतून आईचा आवाज, "कोण आलंय गं?"

"कुणी नाही."

"मग कुणाला म्हणतेस?"

"मलाच. दूध उतू गेलं."

क्षणभर शांतता.

"बरं. चहापुरतं तरी राहिलंय का?"