ब्रूक्स नदीची ओळखवही : सप्टेंबरच्या अस्वलांना कानाचं माप

मागच्या नोंदीतला तिढा अर्धा सुटला. अलास्कातल्या कटमाई राष्ट्रीय उद्यानात ब्रूक्स नदीवरची अस्वलं आपण लाइव्ह कॅमेऱ्यातून ओळखतो, प्रत्येकाचं एक ओळखकार्ड. धबधब्यावर जुलैत पक्की झालेली ही कार्डं सप्टेंबरात खालच्या नदीच्या कॅमेऱ्यावर जुळेनाशी होतात, तोच तो.

गोची अशी की सगळंच एकदम बदलतं. धबधब्यावरची सॉकाय सॅमन माशांची गर्दी ओसरली की ऑगस्टात बरीच अस्वलं दुसऱ्या ओढ्यांकडे जातात आणि सलग नजर तुटते. परततात तोवर जुने केस गळून दाट, गडद कोट आलेला असतो. मान आणि गाल भरल्यामुळे तेच कान घागरीला चिकटवलेल्या शेंगदाण्यांएवढे दिसतात. त्यात लिप, जकूझी, फार पूल या धबधब्यावरच्या मासे पकडायच्या नेहमीच्या जागाही ओळखायला मदतीला नाहीत, कारण आता मेलेले सॅमन प्रवाहाबरोबर खाली येतात आणि अस्वलंही तिकडेच.

म्हणून कार्डावरचा ‘कोट’ रकाना सप्टेंबरपुरता बाद. त्याजागी गुणोत्तर. आधी कानाची उंची भागिले मुस्कटाची लांबी असं धरलं होतं, पण दाट केसांत कानाचं बूड बुडतं आणि माप कुठून घ्यायचं तेच कळत नाही. आता दोन्ही मापं डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून: एक कानाच्या टोकापर्यंत, दुसरं नाकाच्या टोकापर्यंत. पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. खालचं हाड चरबीने लांबत नाही, त्यामुळे जुलैचा आकडा सप्टेंबरात टिकायला हवा.

फ्रेम निवडण्यातच खरी मेहनत आहे. अस्वल बाजूने हवं, दुसरा डोळा दिसला तर फ्रेम टाकून द्या. कान मागे पाडलेला असेल तरी टाका. मुस्कट 60 पिक्सेलपेक्षा लहान असेल तर मोजूच नये: दोन्ही टोकांना 3-3 पिक्सेल चुकले तरी 10 टक्के फरक पडतो. त्याच कारणाने दोन गुणोत्तरांत 10 टक्क्यांच्या आतला फरक म्हणजे फरक नाहीच. व्हिडिओची क्वालिटी ‘ऑटो’वर ठेवू नका, 1080 वर पक्की करा. साठवलेली क्लिप व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ‘ई’ दाबून एकेक फ्रेम पुढे न्या, मोजायला जिम्प या चित्रं संपादित करायच्या सॉफ्टवेअरची मोजपट्टी पुरते. मोठ्या मॉनिटरवर पैसे घालण्यात अर्थ नाही, पिक्सेल तेवढेच राहतात.

हे माप फक्त वगळायला कामाचं (आकडा जुळला नाही तर ते अस्वल नव्हे), नाव ठरवायला नाही. आणि फक्त प्रौढांना. वयात येणाऱ्या अस्वलांचं मुस्कट अजून वाढत असतं, त्यांचा मागल्या वर्षीचा आकडा वापरू नये.

नावासाठी शेवटी खुणाच (नावाआधीचा आकडा म्हणजे त्या अस्वलाचा क्रमांक). 32 चंकच्या मुस्कटावरचा व्रण कुठल्याही महिन्यात दिसतो. 128 ग्रेझरचे फिकट सोनेरी कान कोरडे असतानाच धरा, ओले झाले की गडद दिसतात. 480 ओटिसचा उजवा कान पडलेला, पण जुन्या क्लिप तपासताना आधी नदीच्या प्रवाहाची दिशा बघा. कोणीतरी चित्र आरशातल्यासारखं उलटवून टाकलेलं असलं तर उजव्याचा डावा होतो.

उजेडाचंही बघा. सप्टेंबरात अलास्का आपल्या साडेतेरा तास मागे. सकाळी 8.30 ला आपण बघतो तेव्हा तिथे आदल्या संध्याकाळचे 7, ऊन तिरपं आणि प्रत्येक अस्वल सोनेरी. रंग नोंदवायचाच असेल तर रात्री 11.30 नंतर बसा, तिथे सकाळचे 10 वाजलेले असतात.

हे लिहितानाच सुचलं: फॅट बेअर वीक या सर्वात लठ्ठ अस्वल निवडायच्या ऑनलाइन मतदानासाठी एकाच अस्वलाचे उन्हाळ्याच्या सुरुवातीचे आणि शेवटचे फोटो जोडीने छापतात, ओळख आधीच पक्की केलेली. गुणोत्तराचा ताळा पाहायला याहून चांगलं काय? तेव्हा नवीन क्लिप मोजणं थांबवून आधी या जोड्या घेऊ. बाजूने काढलेले फोटो थोडेच निघतील, पण 2023 आणि 2024 ची विजेती ग्रेझर पहिली. ताळा जुळेपर्यंत सप्टेंबरची सगळी कार्डं पेन्सिलीनेच भरा.