कन्हानच्या डोहात मोजलेले चाळीस आकडे

आज पहाटे कामठीच्या पुढे कन्हानवर गेलो होतो. पेंचचं पाणी पोटात घेऊन येणारी ही नदी डोहात शिरली की चालतच नाही, असं वाटते.

दोन तास फ्लाय, म्हणजे गळावर पिसं-दोरे बांधून केलेलं नकली किड्यासारखं आमिष, पाण्यात वरच्या वर फिरवली. काहीच नाही. बाजूला जाळं आवरणारे काका म्हणाले, "अजी, मासा खाली बसून हाये, तुमी वर काहून शोधता?"

मग बुडणारी लाइन, म्हणजे पाण्याखाली जाणारी जड दोरी, लावली. माझी सेकंदाला साधारण ३ इंच बुडते, म्हणजे १० फुटांवर जायला ४० सेकंद. लीडर, म्हणजे लाइन अन् फ्लाय जोडणारा बारीक दोरा, जेमतेम ४ फूट ठेवला. लांब ठेवला तर लाइन तळाशी अन् फ्लाय वर तरंगत राहते. लाइन बुडेपर्यंत सेकंदाला एक आकडा मोजायचा, अन् प्रत्येक फेकीला ५ आकडे जास्त मोजत गेलो. ४५ वर तळाचा कचरा लागला, म्हणून ४० वर थांबलो. मग वीतभर ओढायचं, थांबायचं, पुन्हा वीतभर. हे थांबणंच सर्वात कठीण, हात ऐकतच नाही.

अशाच एका थांब्यात लाइन हळूच ताणली. मरळ! हातभर लांब, काळीशार. ओल्या हातानं धरून सोडून दिली. काका हसले अन् त्यांच्या थर्मासमधला चहा पुढे केला.