ब्लॅक एल्क शिखर ते मॅन्डरसन: दुसरा दिवस वगळू नका

अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यात लाकोटा या मूळ रहिवासी जमातीचे साधुपुरुष ब्लॅक एल्क यांच्या नावाचं शिखर आहे, आणि मॅन्डरसन गावी त्यांची कबर. दोन्हींची ही दोन दिवसांची सहल. शिखराची वाट जिथून सुरू होते त्या सिल्व्हन लेकच्या पार्किंगमध्ये आम्ही पावणेसातला पोहोचलो तेव्हा मोजून आठ गाड्या होत्या. दुपारी खाली आलो तर जागेसाठी रांग लागलेली. उन्हाळ्यात जाणार असाल तर सातच्या आत पोहोचा. हा भाग कस्टर स्टेट पार्कात येतो, त्यामुळे गाडीचं प्रवेशशुल्क लागतं. पुढे राखीव वनाच्या हद्दीवर एक पेटी दिसते. तिथला परवाना फुकट असतो, आपणच भरून घ्यायचा.

ब्लॅक एल्क शिखर 2207 मीटर उंच आहे, साउथ डकोटातलं सर्वांत उंच. कळसूबाईपेक्षा साडेपाचशे मीटरनी जास्त, पण तळंच उंचावर असल्यामुळे प्रत्यक्ष चढ साडेतीनशे मीटरच्या आसपास आहे. जाऊन-येऊन साधारण अकरा किलोमीटर. डेन्व्हरहून आमच्याबरोबर सासूबाई आल्या होत्या, वय सदुसष्ट. काठी टेकत, बसत-उठत त्या साडेतीन तासांत वर पोहोचल्या. माणशी दोन लिटर पाणी घ्या, वाटेत विकत काही मिळत नाही.

शिखराजवळ झाडांच्या फांद्यांना रंगीत फडकी आणि तंबाखूच्या इवल्या पुरचुंड्या बांधलेल्या दिसू लागल्या. "हे नवसाचं का गं?" सासूबाईंनी विचारलं. "आई, प्रार्थनेचं आहे," मी म्हटलं. हात लावू नका, सोडवू नका, आणि हौस म्हणून आपलं फडकंही बांधू नका. काळा, पांढरा, लाल, पिवळा हे पश्चिम, उत्तर, पूर्व आणि दक्षिण दिशांचे रंग. ब्लॅक एल्क यांना लहानपणी झालेल्या दर्शनात याच चार दिशांकडून घोडे आले होते.

हेहाका सापा, म्हणजे ब्लॅक एल्क, यांचा जन्म 1863 सालचा. लाकोटांच्या ओग्लाला शाखेतल्या वैद्य-पुजाऱ्यांच्या घराण्यातले. नऊ वर्षांचे असताना ते आजारी पडले आणि बारा दिवस निपचित होते. त्या अवस्थेत त्यांना सहा आजोबा भेटले: चार दिशांचे चार, आकाशाचा एक, पृथ्वीचा एक. लाकोटांमध्ये आजोबा हा शब्द माणसाला लागतो तसा परमशक्तीलाही लागतो. पश्चिमेच्या आजोबांनी पाण्याचं भांडं आणि धनुष्य दिलं, जगवण्याचं बळ आणि संहाराचं बळ. पूर्वेकडून पवित्र चिलीम मिळाली. मग त्यांना एका उंच डोंगरावर नेण्यात आलं. तिथून त्यांनी सगळ्या जमातींची वर्तुळं मिळून झालेलं एकच मोठं वर्तुळ पाहिलं आणि मधोमध फुललेलं एक झाड. तो डोंगर हाच, असं त्यांनी पुढे सांगितलं. पण हे जगाचं केंद्र म्हणायचं तर कुठलीही जागा केंद्र आहे, असंही ते म्हणत. मला त्यांच्या सगळ्या शिकवणीत हे सर्वांत मोठं वाटतं. आपली जागा पवित्र म्हणताना दुसऱ्याची कमी न करणं फार थोड्यांना साधतं.

पूर्वी या शिखराला हार्नी या सेनाधिकाऱ्याचं नाव होतं. 1855 मध्ये नेब्रास्कात त्याच्या तुकडीने लाकोटांच्या वस्तीवर हल्ला करून बायकामुलांनाही मारलं होतं. 2016 च्या ऑगस्टमध्ये नाव बदललं. माथ्यावर 1930 च्या दशकातला दगडी टेहळणी बुरूज आहे. 1931 मध्ये ब्लॅक एल्क इथे प्रार्थनेसाठी चढले, तेव्हा ते सदुसष्ट वर्षांचे होते. हे ऐकून सासूबाई बुरुजाच्या पायरीवर बराच वेळ काही न बोलता बसून राहिल्या.

अकराला उतरायला लागा. आम्ही रेंगाळलो आणि साडेबाराला पश्चिमेकडून ढग चढून आले. विजा सुरू झाल्या तेव्हा आम्ही निम्म्या वाटेवर होतो, अंगावर काटा आला. दर्शनानंतर ब्लॅक एल्कनाही मेघगर्जनेचं भय बसलं होतं. पोटात ठेवलेलं दर्शन सतराव्या वर्षी जाणत्यांना सांगितलं, सगळ्या गावाने घोड्यांचं नृत्य करून ते प्रत्यक्ष मांडलं, तेव्हा कुठे ते भय गेलं. मिळालेलं दर्शन एकट्याचं नसतं, ते लोकांसमोर करून दाखवावं लागतं, ही लाकोटांची धारणा.

बहुतेक जण इथूनच राष्ट्राध्यक्षांचे चेहरे कोरलेला रशमोर डोंगर करून परत फिरतात. कृपा करून दुसरा दिवस पाईन रिज या लाकोटांच्या राखीव प्रदेशासाठी ठेवा. रॅपिड सिटीतून 44 क्रमांकाच्या रस्त्याने सीनिक, तिथून दक्षिणेला बीआयए 27 धरून पॉर्क्युपाइनवरून वुंडेड नी, साधारण दोन तास. टाकी शहरातच भरा, नकाशा आधी उतरवून घ्या, जेवण बरोबर ठेवा. जमातीच्या हद्दीत दारूला बंदी आहे, गाडीतही नको.

वुंडेड नीला 29 डिसेंबर 1890 रोजी अमेरिकी सैन्याने लाकोटांची कत्तल केली. टेकडीवरच्या सामूहिक कबरीत 146 जण आहेत. सत्तावीस वर्षांचे ब्लॅक एल्क गोळीबार ऐकून पाईन रिज गावाहून घोड्यावर धावले होते. इथे ड्रोन नको, कबरीपुढे सेल्फी नको. खाली कोणी मण्यांचं काम विकत असेल तर रोख देऊन घ्या, घासाघीस करू नका.

त्यांच्यावरच्या ‘ब्लॅक एल्क स्पीक्स’ या प्रसिद्ध पुस्तकाचा शेवट इथल्या बर्फात मेलेल्या स्वप्नावर होतो. पण ती गाजलेली वाक्यं ते पुस्तक लिहिणारे कवी जॉन नायहार्ट यांची आहेत, मुलाखतीच्या टिपणांत ती सापडत नाहीत. त्यांची गोष्ट इथे संपत नाही, म्हणूनच इथून उत्तरेला पंधरा-वीस मिनिटांवरच्या मॅन्डरसनला जायचं. वुंडेड नीनंतर ब्लॅक एल्क जवळजवळ साठ वर्षं जगले. 1904 मध्ये कॅथलिक झाले, निकोलस नाव घेतलं आणि पुढे अनेक वर्षं स्वर्गाकडे आणि नरकाकडे जाणाऱ्या दोन वाटांचं चित्र असलेला लांब तक्ता उलगडून गावोगाव धर्म शिकवला. उन्हाळ्यात पर्यटकांसमोर जुने विधीही करून दाखवले. आयुष्याच्या शेवटी त्यांनी पवित्र चिलमीचे सात विधी सविस्तर सांगून लिहून घेतले. चिलीम खरी की क्रूस, यावर अभ्यासक अजून भांडतात. मला वाटतं, त्यांनी दोन्ही मनापासून धरलं. रॅपिड सिटीच्या धर्मप्रांताने 2017 मध्ये त्यांना संतपद देण्याची प्रक्रिया सुरू केली आहे.

एक कळकळीची विनंती. पैसे घेऊन लाकोटा स्वेदनविधी, म्हणजे वाफेत घाम काढून शुद्ध होण्याचा विधी, करून देणाऱ्यांच्या नादी लागू नका. अशा बाजाराविरुद्ध लाकोटांनी 1993 मध्ये जाहीर युद्ध पुकारलं होतं. सूर्यनृत्य हा लाकोटांचा पवित्र विधी चालू असेल तर बोलावल्याशिवाय जाऊ नका, कॅमेरा तर नकोच.

19 ऑगस्ट 1950 ला ब्लॅक एल्क गेले. मॅन्डरसनला सेंट ॲग्नेसच्या दफनभूमीत त्यांची कबर आहे. कुंपणाच्या दारात गाडी लावून पायी वर जा, गवत उंच असतं, तेव्हा पायात बूट हवेत. आम्ही गेलो तेव्हा दुसरं कोणीच नव्हतं. सासूबाईंनी डोंगरावरच्या पाण्यातलं उरलेलं थोडं पाणी बाटलीत जपून आणलं होतं, ते त्यांनी कबरीशेजारच्या गवताला घातलं.