आई-वडिलांना मधुमेह असेल, तर आहाराने तो टळतो का?

‘आई आणि वडील दोघांनाही मधुमेह आहे. मी गोड फारसे खात नाही, तरी मलाही तो होणारच का? आणि आहाराने टळणार असेल तर नेमके काय खाऊ?’ आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना हा प्रश्न मला जितक्या वेळा विचारला जातो तितका दुसरा कोणताही नाही. विचारणारी माणसे बहुधा तिशी-चाळिशीतली असतात. त्यांच्या हातात वार्षिक तपासणीचा कागद असतो, त्यावर एचबीएवनसीचा, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतील रक्तातल्या साखरेची सरासरी पातळी दाखवणाऱ्या चाचणीचा, आकडा ५.८ किंवा ६.१ असा असतो, आणि डॉक्टरांनी ‘अजून मधुमेह नाही, पण जपा’ एवढेच सांगितलेले असते. हे जपायचे कसे, ते तुम्ही विचारलेत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

थेट उत्तर असे की पुष्कळ जणांचा मधुमेह टळतो आणि त्याहून अधिक जणांचा काही वर्षे लांबतो. तुमचा टळेलच, अशी हमी मात्र कोणीही देऊ शकत नाही. हे मी आहारावरच्या श्रद्धेपोटी सांगत नाही. माणसांचे गट पाडून, वर्षानुवर्षे त्यांच्या रक्ताची तपासणी करून हे पडताळलेले आहे. चीनमधील दाचिंग शहरात १९८६ मध्ये मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५७७ लोकांना निवडून ३३ दवाखान्यांमध्ये हा प्रयोग सुरू झाला. सहा वर्षांनी पाहिले तेव्हा विशेष मार्गदर्शन न मिळालेल्या गटातील ६७.७ टक्के लोकांना मधुमेह झाला होता, तर केवळ आहार बदलणाऱ्या गटात हे प्रमाण ४३.८ टक्के होते. याच लोकांचा तीस वर्षे मागोवा घेतल्यावर असे आढळले की आहार, व्यायाम किंवा दोन्हींचे मार्गदर्शन मिळालेल्यांचा मधुमेह सरासरी सुमारे चार वर्षे पुढे गेला आणि त्यांच्यात हृदयविकार व पक्षाघाताचे झटकेही कमी झाले. चार वर्षे ऐकायला थोडी वाटतात; पण डोळे, मूत्रपिंड आणि हृदय यांच्यावर साखरेचा मारा चार वर्षे उशिरा सुरू होणे म्हणजे काय, हे ज्यांनी घरात डायलिसिस पाहिले आहे त्यांना समजावून सांगावे लागत नाही.

आपल्यासाठी त्याहून महत्त्वाचा प्रयोग चेन्नईचा आहे. डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच ५३१ भारतीयांवर केलेला हा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. एरवीप्रमाणेच राहिलेल्यांपैकी ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. आहार आणि हालचाल बदलणाऱ्यांमध्ये हे प्रमाण सुमारे ३९ टक्के राहिले. मेटफॉर्मिन या गोळीनेही जवळजवळ तेवढाच फायदा झाला, पण गोळी आणि आहार एकत्र करून त्यात काही भर पडली नाही. अमेरिका आणि फिनलंडमधील प्रयोगांत वजन घटवण्यावर भर होता. चेन्नईच्या लोकांचे वजन मात्र फारसे घटले नव्हते, तरीही धोका कमी झाला. ‘माझे वजन तर बेताचेच आहे, मला आहार बदलून काय होणार?’ असे विचारणाऱ्यांना मी हाच अभ्यास सांगते.

वजन बेताचे असणे आपल्याकडे फसवे असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र छापून हे दाखवून दिले होते. उंचीच्या मानाने वजन मोजणारा दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३ होता, मात्र युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वरून सडपातळ आणि आतून चरबीदार असा हा बांधा आपल्यात सर्रास आढळतो. म्हणून वजनकाट्यापेक्षा टेपवर अधिक विश्वास ठेवावा. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटरच्या आणि स्त्रीची ८० सेंटीमीटरच्या पुढे गेली असेल, तर वजन कितीही बरे दिसले तरी सावध व्हायला हवे.

आता ‘मी गोड खात नाही’ या वाक्याकडे वळते, कारण खरी अडचण तिथेच आहे. सकाळी पोहे किंवा उपमा, दुपारी तीन पोळ्या, बटाट्याची भाजी, वर आमटी-भात, संध्याकाळी चहाबरोबर बिस्किटे किंवा चिवडा आणि रात्री पुन्हा पोळी व भात, असा दिवस घ्या. यात मिठाई कुठेच नाही. परंतु पोहे, रवा, तांदूळ, गहू, बटाटा आणि मैदा या सगळ्यांचा पिष्टमय भाग पचनानंतर ग्लुकोज होऊनच रक्तात उतरतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीत आपल्या आहारातील सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते असे दिसले आहे. गोड टाळल्याचे समाधान मिळते, आणि त्या समाधानाच्या आड ताटातील भाताचा ढीग तसाच राहतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात २००० कॅलरींच्या दिवसासाठी कच्ची धान्ये २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये किंवा त्यांच्याऐवजी अंडी, मासे, मांस ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम आणि दूध ३०० मिलिलिटर असे प्रमाण सांगितले आहे. हे आकडे एकदा आपल्या स्वयंपाकघरात मोजून पाहावेत, असा माझा आग्रह असतो. मध्यम आकाराच्या एका पोळीला साधारण तीस ग्रॅम कणीक लागते, म्हणजे २५० ग्रॅम धान्य आठ पोळ्यांत संपले, आणि त्यातच सकाळचे पोहे आणि दोन्ही वेळचा भातही बसवायचा आहे. उलट, चौघांच्या वरणासाठी एक वाटी तूरडाळ शिजत असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला ८५ ग्रॅमच्या निम्मीसुद्धा येत नाही. भाजीची गत तीच. पोळी लावून खायला पुरेल एवढीच ती वाढली जाते. आपल्या ताटात धान्य मुख्य आणि बाकी सारे तोंडीलावणे झाले आहे, आणि मधुमेह टाळायचा तर हेच प्रमाण फिरवावे लागते.

‘मग गहू सोडून ज्वारी-नाचणी खाऊ का?’ हा पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो. भाकरी मला मनापासून प्रिय आहे. तिच्यात चोथा असतो आणि पोटाला आधार राहतो. मात्र वर उल्लेख केलेल्या पाहणीच्या २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात असे आढळले की कर्बोदकांचे एकूण प्रमाण तेवढेच ठेवून नुसते पांढऱ्या तांदळाच्या जागी गव्हाचे किंवा भरडधान्याचे पीठ आणल्याने मधुमेहाचा धोका कमी दिसत नाही; कर्बोदकांतील पाच टक्के ऊर्जा डाळी-कडधान्ये किंवा दूधदुभत्याच्या प्रथिनांतून घेतली, तर मात्र तो कमी दिसतो. ही पाहणी एका वेळची आहे, दाचिंगसारखा दीर्घ प्रयोग नव्हे. तरी तिची दिशा चेन्नईच्या निष्कर्षांना धरूनच आहे. तेव्हा तीन पोळ्यांच्या जागी तीन भाकऱ्या नकोत. एक भाकरी, तिच्याबरोबर भरपूर मटकीची किंवा हुलग्यांची उसळ, मेथी, चाकवत किंवा अंबाडी यांपैकी एखादी पालेभाजी, कोशिंबीर आणि वाटीभर ताक हवे. पिठले, शेंगदाण्याची चटणी, घट्ट वरण हे सगळे आपलेच आहे. त्यासाठी बाजारातून परदेशी बिया आणण्याचे कारण नाही. गोव्यात मधुमेहाचे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक आढळले आहे. तिथल्या आणि कोकणातल्या माणसांना मी मासे तसेच ठेवून भाताची मूद लहान करायला सांगते.

उपवासाबद्दल वेगळे लिहायलाच हवे. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्याकडे उगीच रूढ झालेली नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्याची खिचडी, सोबत बटाट्याची भाजी आणि वर बटाट्याचा चिवडा हा दिवस मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या माणसाला रोजच्या जेवणापेक्षा जड जातो. शेंगदाण्याची आमटी, थोडी वरई, दही, काकडी आणि एखादे फळ यांवर उपवास नीट पार पडतो. चहाचे म्हणाल तर दोन-दोन चमचे साखरेचे चार चहा म्हणजे सुमारे चाळीस ग्रॅम साखर झाली, आणि तिच्या जागी गूळ घातल्याने रक्तातील साखरेच्या दृष्टीने विशेष फरक पडत नाही. दिवसातून दोनदा जेवावे की सहा वेळा, या वादात मी शिरत नाही. चेन्नईत एकूण उष्मांक, परिष्कृत धान्ये व तेल-तूप कमी करणे, साखर टाळणे आणि चोथायुक्त पदार्थ वाढवणे यांवर भर होता. ताट जसेच्या तसे ठेवून सकाळी कारल्याचा रस पिणाऱ्यांनी त्यावर विसंबू नये.

या प्रश्नाचा एक भाग मात्र मला जवळपास कोणीच विचारत नाही, आणि तोच मला सर्वांत जवळचा वाटतो. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ मध्ये सुरू झालेल्या केईएमच्या अभ्यासात गरोदर स्त्रियांचा आहार आणि त्यांच्या बाळांची वाढ यांचा मागोवा घेतला गेला. या बाळांचे सरासरी वजन जेमतेम २.७ किलो होते. इंग्लंडमधील बाळांच्या तुलनेत त्यांचे स्नायू आणि पोटातील अवयव खूपच लहान होते, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. म्हणजे तो फसवा बांधा जन्मतःच दिसत होता. आईने एकूण किती उष्मांक खाल्ले याचा बाळाच्या आकाराशी संबंध आढळला नाही. दूध, पालेभाज्या आणि फळे ती किती वेळा खात होती याचा आढळला. जवळपास दोन तृतीयांश मातांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होते. पुढे मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये गर्भधारणेच्या आधीपासून स्त्रियांना पालेभाजी, फळे आणि दूध घालून केलेला रोजचा खाऊ दिला गेला. बाळांच्या वजनात एकंदरीत फरक पडला नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. परंतु गरोदरपणातील मधुमेहाचे प्रमाण तुलनेच्या गटात १२.४ टक्के होते, ते या स्त्रियांमध्ये ७.३ टक्के राहिले. गरोदरपणी मधुमेह झालेल्या आईला आणि तिच्या मुलाला पुढे मधुमेहाचा धोका अधिक असतो, म्हणून हा फरक एका पिढीपुरता नाही.

असे असताना आपल्या किती घरांत स्वयंपाक करणारी बाई अजूनही सर्वांत शेवटी जेवते! तोवर उसळ आणि पालेभाजी संपलेली असते. उरलेल्या भातावर ताक आणि लोणचे घेऊन ती उठते. मुलाच्या मधुमेहाची चिंता करणाऱ्या घराला मी सुनेच्या आणि मुलीच्या ताटात काय असते हे विचारते, तेव्हा पुष्कळदा उत्तर येत नाही. भाजी, डाळ आणि दूध महाग आहे, रेशनवर तांदूळ आणि गहूच मिळतो, हे मला ठाऊक आहे आणि ही अडचण खरी आहे. पण जे काही घरात येते त्याची वाटणी तरी समान व्हायलाच हवी.

चेन्नईच्या प्रयोगात आहार बदलूनही ३९ टक्के लोकांना मधुमेह झाला, हेही विसरू नये. त्यांनी काही पाप केले नव्हते. घरातल्या रुग्णाला ‘पथ्य पाळले नाहीस, म्हणून झाले’ असे ऐकवले जाते, ते मला अतिशय क्लेशदायक वाटते. आनुवंशिकता आणि जन्माआधीचे पोषण कोणाच्याच हातात नसते.

तुम्ही आता एवढे करा. उपाशीपोटीची साखर १०० ते १२५ किंवा एचबीएवनसी ५.७ ते ६.४ असेल, तर तो उंबरठा समजून डॉक्टरांना भेटा, जेवणानंतर चालायला लागा आणि तपासणी दरवर्षी करा. आहाराचा सल्ला घ्यायला मात्र एकटे येऊ नका. घरात जी व्यक्ती स्वयंपाक करते तिलाही सोबत आणा, आणि त्याआधी तिचीही साखर आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या.