चेन फुल टाइट!

"फुल टाइट केलीय, आता आवाज यायचा नाही." गॅरेजमधलं आजचं वाक्य. जुन्या 100 सीसी गाडीची चेन सतारीच्या तारेसारखी ताणलेली. खडखड गेली, घरघर सुरू झाली!

अहो, खालच्या बाजूला मधोमध 20-30 मिमी ढील हवीच. तीही चाक फिरवून, चेन सर्वांत घट्ट लागते तिथे मोजायची. नाहीतर दोघं बसले की ताण वाढतो आणि गिअरबॉक्सचं बेअरिंग मार खातं.

मागच्या स्प्रॉकेटवर, म्हणजे चेन बसते त्या दातेरी चकतीवर, चेन बोटांनी मागे ओढा. अर्धा दात उघडा पडला? मग ताणून उपयोग नाही. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदला.

दात ठीक असतील तर चेन रॉकेलने पुसून तिच्यावर 90 नंबरचं गिअर ऑइल सोडा. ग्रीस मात्र नको, धूळ धरतं.