ओळख पाहू, हा कुठला काठ?

गेली काही वर्षे दर रविवारी सकाळी आमचा आतेभाऊ कृष्णाकाठचा एक फोटो पाठवतो आणि खाली एकच शब्द लिहितो, ‘कुठला?’ खतविक्रीच्या कामामुळे वाईपासून शिरोळपर्यंतची गावे त्याच्या पायाखालची आहेत, आणि गाडी थांबवून नदीकडे उतरण्याची त्याची सवय लहानपणापासूनची आहे. खेळाचे नियम त्यानेच ठरवले आहेत. प्रत्येकाने तीनदाच अंदाज सांगायचा, त्या गावातल्या ओळखीच्या माणसाला विचारायचे नाही आणि फोनला चित्र दाखवून उत्तर काढून घ्यायचे नाही. महिन्याच्या शेवटी ज्याचे सर्वांत कमी अंदाज बरोबर आले असतील, त्याने वाडीहून, म्हणजे नृसिंहवाडीहून, कवठाची बर्फी आणायची. मी पुण्यात राहते, त्यामुळे ही बर्फी मला फार महागात पडते.

सुरुवातीला मला वाटले होते की सांगलीत वाढलेल्या माणसाला यात अवघड ते काय असणार. पहिले काही फोटो होतेही तसेच. दगडी खांबांच्या वर्तुळावर उघडे गोल आकाश दिसले की ते खिद्रापूरच्या कोपेश्वराचा स्वर्गमंडप, हे शाळेच्या सहलीला गेलेले पोरही सांगेल. पाण्यालगत चंद्रकोरीसारखा वळलेला घाट आणि वर लहानशा देवडीत टांगलेली भली मोठी घंटा दिसली की ते मेणवली. त्या घंटेवर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे, कारण १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर ती मराठ्यांच्या हाती आली. अशा फोटोंना आम्ही ‘फुकटचे गुण’ म्हणतो. भाऊही ते दिवाळीलाच पाठवतो.

खरा खेळ सुरू झाला तो देऊळच नसलेल्या फोटोंपासून. चार पायऱ्या, पाण्याचा एक तुकडा, पलीकडे झाडांची ओळ आणि सकाळचे धुके, एवढेच चित्रात असेल तर वाई, लिंब, माहुली, कराड, औदुंबर, भिलवडी, हरिपूर, वाडी ही सगळीच नावे ओठांवर येतात आणि एकही ठामपणे सांगता येत नाही. घाट सगळे काळ्या दगडाचेच. पावसाळ्यात पाणी सगळीकडे सारखेच गढूळ, आणि सूर्यही सगळीकडे सारखाच सुंदर उगवतो. फोटो जितका देखणा, तितका तो ओळखायला अवघड, हे माझ्या लवकरच लक्षात आले. धुके, सोनेरी उजेड आणि पाण्यातले प्रतिबिंब मिळून गावाच्या खुणा पुसून टाकतात. त्यामुळे भावाने फार छान फोटो पाठवला की मला आधी रागच येतो.

मग आम्ही नदीकडेच बघायला शिकलो. कृष्णा क्षेत्र महाबळेश्वरला निघून वाईपर्यंत साधारण पूर्वेकडे येते, पुढे कराडपर्यंत तिचा रोख दक्षिणेकडे राहतो आणि तिथून सांगलीकडे जाताना ती आग्नेयेला झुकते. एवढे ध्यानात ठेवले तरी निम्मे काम होते. वाईच्या खालच्या अंगाला, समजा, उगवता सूर्य समोर आहे आणि पाणी डावीकडून उजवीकडे वाहते आहे, तर फोटो काढणारा उजव्या तीरावर, म्हणजे पश्चिमेच्या काठावर उभा आहे. पाणी कुठे चालले आहे हे स्थिर चित्रात कसे कळणार, असे कोणी विचारेल. पुलाच्या खांबाकडे बघावे. जलपर्णी, जिला आमच्याकडे केंदाळ म्हणतात, ती नेहमी खांबाच्या वरच्या अंगाला अडकून बसलेली असते. वाईच्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशाच्या तोंडासारखी निमुळती बांधली आहे ती पुराचे पाणी दोन बाजूंना फाकावे म्हणून, तेव्हा त्या टोकाचा रोख ज्या दिशेला, तिकडून नदी येते. १७६२ साली ते देऊळ बांधणाऱ्या गणपतराव रास्त्यांनी आमच्या खेळाचीही सोय करून ठेवली आहे.

काठाची मातीही बोलते. वरच्या अंगाला, धोम आणि वाईच्या परिसरात, पात्रात खडक उघडे पडलेले असतात आणि मागे डोंगराची भिंत जवळ उभी असते. कराडच्या खाली डोंगर मागे सरतात, काठ उंच आणि मातीचे होतात, आणि त्या मळीच्या, म्हणजे नदीच्या गाळाच्या, रानात वांगी, ऊस नाहीतर हळद उभी दिसते. एकदा फोटोत काठावर नुसता हिरवा पट्टा होता आणि सगळ्यांनी ऊस समजून तीन वेगवेगळी गावे सांगितली. चित्र मोठे करून पाहिल्यावर पाने उसासारखी लांब आणि अरुंद नव्हती, कर्दळीसारखी रुंद होती. ती हळद होती. हळद म्हटल्यावर माझ्या मनात एकच नाव आले, हरिपूर, जिथे जमिनीत खोल पेवे काढून हळद साठवत आणि २००५ च्या महापुराने त्यांतली कितीतरी पेवे कायमची निकामी झाली. अंदाज चुकला, फोटो अंकलखोपचा निघाला. हळद सांगली जिल्ह्यात कितीतरी गावांत पिकते हे मला ठाऊक असायला हवे होते, पण मन आपल्या घराजवळच्या नावाकडे ओढ घेते.

सगळ्यांत जास्त भांडणे झाली ती संगमांवरून. या टापूत कृष्णेला वेण्णा माहुलीला भेटते, कोयना कराडला, वारणा हरिपूरला आणि पंचगंगा नृसिंहवाडीला, त्यामुळे दोन पाण्यांचा फोटो आला की चार नावे तयारच असतात. एका रविवारी रुंद पायऱ्या, एक जुने देऊळ आणि दोन प्रवाह दिसल्याबरोबर मी पाच मिनिटांत ‘कराड’ लिहून मोकळी झाले. भावाने उत्तरादाखल फक्त हसरा चेहरा पाठवला. तो फोटो संगम माहुलीचा होता, आणि माझी चूक अक्षम्य होती, कारण कराडच्या प्रीतिसंगमाचे सारे वैशिष्ट्यच त्या कोनात आहे. एरवी लहान नदी मोठीला तिरपी येऊन मिळते आणि दोघी पुढे एकाच दिशेने जातात. कराडला कृष्णा उत्तरेकडून येते, कोयना दक्षिणेकडून येते, दोघी समोरासमोर भिडतात आणि काटकोनात वळून पूर्वेला निघतात. यशवंतराव चव्हाणांच्या समाधीकडून पाहिले तर हे सरळ दिसते. माझ्यासमोरच्या फोटोत मात्र एक पाणी बाजूने अलगद येऊन मिळत होते. माहुलीला साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची, खंड्याची, समाधी आहे हे मला पाठ होते, पण वेण्णा कुठल्या कोनातून येते याकडे मी कधी पाहिलेच नव्हते.

पाण्याची पातळी हे आणखी एक प्रकरण आहे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना पावसाळा सरला की बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतात आणि वरच्या अंगाला पाणी आरशासारखे तुंबून राहते. पावसाळ्याआधी ते काढले की तोच घाट दहा-बारा पायऱ्यांनी उंच वाटू लागतो. त्यामुळे जानेवारीत जो काठ मी बरोबर ओळखला, तोच जूनमध्ये मला अनोळखी वाटला आणि मी त्याचे नाव बदलून सांगितले. पुरातल्या फोटोंचे तर विचारूच नये. नृसिंहवाडीला पाणी चढले की देवळाच्या उत्तरेच्या दाराने आत येऊन पादुकांवरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते, त्या दक्षिणद्वार सोहळ्याला स्नानासाठी गर्दी लोटते, आणि पाणी त्याहून वाढले की वाडी ओळखायला औदुंबराच्या फांद्यांशिवाय काहीच उरत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी, जिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे, पाणी ५७ फुटांवर गेले होते. त्या दिवसांतला एक फोटो भावाने पुढच्या वर्षी पाठवला तेव्हा मला माझीच गल्ली ओळखता आली नाही. एका दुकानाच्या पाटीचा वरचा काठ आणि विजेचा खांब, एवढेच पाण्यावर होते. ब्रह्मनाळचा फोटो मात्र त्याने एकदाच पाठवला आणि तासाभराने काढून टाकला. त्याच पुरात तिथे नाव उलटून गावकरी बुडाले होते. त्या रविवारी कोणी अंदाज लिहिला नाही आणि कोणी विषयही काढला नाही.

गेल्या वर्षी आत्याने तिच्या पेटीतले जुने कृष्णधवल फोटो बाहेर काढले आणि खेळ आणखी अवघड झाला. त्या फोटोंत वाळू आहे. माझ्या लहानपणीही उन्हाळ्यात सांगलीवाडीच्या बाजूला वाळूचे पट्टे उघडे पडत आणि त्यात कलिंगडाचे वेल पसरलेले असत. आज ती वाळू उपसून गेलेली आहे, तेव्हा वाळवंट दिसले म्हणून काठ बदलला असे समजण्यात अर्थ नाही. एका फोटोत दोन माणसे काहिलीत बसून नदी ओलांडताना दिसतात. गुऱ्हाळात उसाचा रस आटवायची ती लोखंडी काहील, तिचा आमच्याकडे नावेसारखाही उपयोग होत असे. नातवंडांना हे खरे वाटत नाही.

त्यांतल्याच एका फोटोने आम्हाला दोन आठवडे छळले. देऊळ तर वाईचे वाटत होते, पण मागचा डोंगर ज्या बाजूला उतरायला हवा त्याच्या नेमका उलट बाजूला उतरत होता. मी वाईवर ठाम, भाऊ म्हणे की अशी शिखरे माहुलीलाही आहेत, आणि त्याची बायको, जी खुद्द वाईची आहे, ती म्हणे की हे आमचे गाव नव्हेच. शेवटी मी भिंग घेऊन बसले. घाटावर उभ्या असलेल्या एका गृहस्थांच्या सदऱ्याचा खिसा उजव्या छातीवर होता. शेजारच्याचाही उजवीकडेच. दोघांच्या शिंप्याने एकच चूक केली असण्यापेक्षा फोटो छापणाऱ्याने काच उलटी ठेवली असण्याचा संभव जास्त. फोटो आरशासमोर धरला आणि डोंगर मुकाट्याने आपल्या जागी गेला. वहिनींनी एकदा आरशात पाहिले, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाल्या, ‘हो, वाईच. पण आमची वाई अशी डावखुरी कधी पाहिली नव्हती मी.’

एक फोटो मात्र कुठल्याच खुणेला दाद देईना. त्यात माझी आई पायरीवर बसली आहे, शेजारी वांग्यांची बुट्टी आहे, सावली अगदी पायाशी आहे म्हणजे दुपारची वेळ आहे, आणि मागे पाणी. देऊळ नाही, पूल नाही, डोंगर नाही. पलीकडचा काठ चौकटीच्या बाहेर राहिला आहे. मी पायऱ्यांच्या दगडांची रुंदी मोजली, सांध्यांतला चुना पाहिला, पाण्यावरच्या लाटांची दिशा लावून पाहिली. काकांनी हरिपूर सांगितले, भावाने भिलवडी, मी सांगलीचा विष्णुघाट. कोणाजवळच कारण नव्हते. आईला विचारायची सोय आता राहिलेली नाही.

आत्याने चष्मा लावून फोटो जेमतेम दोन क्षण पाहिला. ‘औदुंबर,’ ती म्हणाली.

‘कशावरून, आत्या?’

‘अगं, बघ की तिच्याकडे. फोटो काढणाऱ्याकडे कुठं बघतीय ती? दर्शन झालं होतं, पलीकडं भुवनेश्वरीला जायचं होतं आणि नाव तिकडच्या तीरावर जाऊन बसली होती. दोन तास उन्हात बसवलं त्या नावाड्यानं. तुझी आई नुसती तिकडंच बघत होती, आणि माझ्या भावाला काय सुचलं तर म्हणे हसा जरा.’

मी फोटो पुन्हा हातात घेतला. आईने बुट्टीवर एक हात ठेवला आहे, दुसऱ्या हाताने डोळ्यांवर आडोसा केला आहे, आणि ती चौकटीच्या बाहेर, पलीकडच्या काठाकडे बघते आहे. हे सगळे मी पन्नासदा पाहिले होते. उन्हासाठी हात धरला आहे एवढेच माझ्या मनात आले होते. रविवारी भावाला उत्तर कळवले. त्याने पुरावा मागितला, तेव्हा मी आत्याचा फोन नंबर दिला. ओळखीच्या माणसाला विचारले म्हणून त्याने माझा तो गुण कापला आहे, आणि या महिन्याची बर्फीही बहुधा माझ्याकडेच येणार.