काळी चार, पांढरी पाच

यंदाच्या फेब्रुवारीत एका घरगुती बैठकीत शुद्ध सारंग राग गाताना तार षड्जावर, म्हणजे वरच्या ‘सा’वर, माझा आवाज फुटला. स्वर कणसूर लागला असता तर मी तो सावरून घेतला असता, पण तिथे स्वर लागलाच नाही, नुसती हवा बाहेर आली. पेटीवर साथ करणाऱ्यांनी ती जागा झटकन भरून काढली आणि बहुतेक श्रोत्यांच्या ते लक्षातही आले नसावे. मात्र मागे तंबोऱ्यावर बसलेल्या माझ्या विद्यार्थिनीचे बोट जोडाच्या तारेवर क्षणभर थबकलेले मला स्पष्ट ऐकू आले. पुढची वीस मिनिटे मी मध्य सप्तकातच राहून कशीबशी रेटली.

दोन दिवसांनी घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून माझे स्वरतंतू मला पडद्यावर दाखवले. कडा सुजलेल्या होत्या आणि एके ठिकाणी बारीकशी गाठ होती. सहा आठवडे गाणे बंद, त्यातले पहिले दोन आठवडे बोलणेही बंद, असा हुकूम झाला. मार्चमधला एक कार्यक्रम रद्द करावा लागला, तेव्हा आयोजकांनी प्रकृतीची चौकशी करण्याआधी बदली गायिका सुचवण्याची विनंती केली. तेही त्यांच्या जागी बरोबरच असेल, पण लागले खरे.

सदाशिव पेठेतल्या आमच्या घरात सकाळी खर्ज, म्हणजे खालच्या सुरांचा रियाज, नाही म्हणजे दूधवाल्यालाही चुकल्यासारखे होते. पाटी-पेन्सिल घेऊन मी घरभर वावरत होते आणि मोबाईलवर स्नेह्यांकडून थोर कलावंतांची वचने येऊन पडत होती: मौनाचे महत्त्व, साधनेचे तेज, दुःखातून उमलणारे सूर. पाठवणाऱ्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही, पण या वचनांवर माझा फारसा विश्वासही नाही, कारण त्यांतली निम्मी कोणी, कधी आणि कोणाला उद्देशून म्हटली याचा पत्ता नसतो, आणि उरलेल्यांतली बरीचशी सत्कार-समारंभात हार गळ्यात असताना म्हटलेली असतात. मोठ्या गवयाचे शहाणपण बघायचे तर त्याने पट्टी, म्हणजे गाण्याचा आधाराचा षड्ज, कुठे ठेवली, कोणता गानप्रकार सोडून दिला आणि तान कोणत्या जागी आवरली, हे बघावे. सक्तीच्या त्या सहा आठवड्यांत मी तेवढेच केले. ज्यांचा आवाज गेला, बदलला किंवा फुटला अशांचे गाणे काढून ऐकत बसले.

सुरुवात गंगूबाई हनगल यांच्यापासून केली. 1930 च्या दशकात त्यांच्या काही ध्वनिमुद्रिका ‘गांधारी हनगल’ या नावाने निघाल्या होत्या. त्यांतला आवाज बारीक, टोकदार आणि चपळ आहे. नाव न सांगता ऐकवले तर या गंगूबाई आहेत हे कोणी ओळखणार नाही. पुढे घशाच्या दुखण्यावर उपचार झाले आणि आवाज जाड झाला, इतका की नवख्या श्रोत्याला तो पुरुषाचा वाटावा. स्त्रीच्या गळ्याकडून गोडव्याची अपेक्षा धरणाऱ्या त्या काळात एका तरुण गायिकेवर काय गुदरले असेल, याचा विचार मी पूर्वी कधी गंभीरपणे केला नव्हता. आम्ही ‘भरदार आवाज’ असे कौतुकाने म्हणून मोकळे होतो.

त्यांनी केले ते असे, की ठुमरी-भजनासारखे हलके प्रकार बाजूला ठेवले आणि ख्याल तेवढा धरला. हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे जाऊन त्या शिकत होत्या, आणि किराणा घराण्याची एकेका स्वराने पुढे सरकणारी बढत त्या नव्या आवाजाला जणू बेतून शिवल्यासारखी बसली. मी त्यांची एक जुनी मैफल चार दिवस लावून ऐकत होते. मंद्र पंचमावरून निघून षड्जापर्यंत यायला त्या जो वेळ घेतात, त्यात मुरकी नाही, हरकत नाही, ऐकणाऱ्याला खूश करण्याची कसलीही खटपट नाही. स्वर ठेवला की तो हलत नाही. बारीक गळ्याला तिथे इतका वेळ थांबता आले नसते. पुढे त्यांची कन्या कृष्णा साथीला असे आणि तिचा मोकळा आवाज वरच्या सप्तकात झेप घेई, तेव्हा आईने खाली धरलेल्या स्वराचे वजन आणखीच जाणवते. आपल्या गळ्यात जे उरले नाही ते मुलीच्या गळ्यातून शेजारी येऊन बसू द्यायचे आणि स्वतः आपल्याच जागी राहायचे, हे मला तरी जमले नसते.

कुमार गंधर्वांच्या बाबतीत मात्र माझे एक भांडण आहे, आणि ते पुण्यातल्या रसिकांशी आहे. 1947 च्या सुमारास त्यांना क्षय झाला, हवापालटासाठी ते देवासला गेले, पाचेक वर्षे गाणे बंद राहिले आणि एका फुप्फुसाचा उपयोग जवळजवळ संपला, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यावरून त्यांच्या छोट्या, तुटक, विजेसारख्या चमकून जाणाऱ्या ताना ही आजाराची देणगी होय, असे मध्यंतराच्या चहाच्या रांगेत हमखास ऐकू येते. मला हे मान्य नाही. मुंबईत बी. आर. देवधरांच्या संगीतशाळेत, अनेक घराण्यांचे गाणे कानांवर पडत असताना, हा मुलगा रागाकडे आपल्या नजरेने बघायला कधीच लागला होता. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या खिडकीवरून माळव्यातल्या बायकांची गाणी रोज जात असतात, म्हणून कोणी त्यांतून मालवती, संजारी किंवा मघवा यांसारखे धुनउगम, म्हणजे लोकधुनांतून उगवलेले, राग शोधून काढत नाही; त्यासाठी कान आधीपासून तयार असावा लागतो. दम कमी होता, हे खरे; पण दमाला तोकडे असलेले गवई पुष्कळ झाले आणि त्यांतला दुसरा कुमार झाला नाही.

अल्लादिया खाँसाहेबांचेही असेच सांगतात. तरुणपणी अति गाण्याने त्यांचा आवाज बसला, तो पुन्हा पूर्वीसारखा झाला नाही, आणि मग त्यांनी पेचदार, वळणावळणाची जयपूर-अत्रौलीची गायकी घडवली. यात तथ्य असावे, पण तीत लयीशी जो सतत चालणारा हिशेब आहे तो बसलेल्या गळ्यातून नव्हे, डोक्यातून आलेला आहे.

आमच्या पुण्यातले उदाहरण भास्करबुवा बखल्यांचे. किर्लोस्कर नाटक मंडळीत कैकेयीची भूमिका गाजवणारा हा पोरगा वयात येताच त्याचा आवाज फुटला आणि नाटकाच्या दृष्टीने तो निकामी ठरला. तिथून तो ख्यालाच्या वाटेला लागला. फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ अशा तीन घराण्यांच्या उस्तादांकडे शिकला आणि 1911 साली त्याने पुण्यात भारत गायन समाज काढला. तिथे लहानपणी मी परीक्षा दिली आहे, पण फोटोतल्या फेट्यामागे आवाज गमावलेले एक पोर आहे, हे तेव्हा मला कोणी सांगितले नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी आमच्या गुरू, बाईंकडे गेले. त्या आता नव्वदीच्या घरात आहेत, कमी ऐकू येते, पण तंबोरा मात्र अजून अचूक कळतो. दोन ओळी गायले, नेहमीच्या पट्टीत, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळीला षड्ज धरून. त्यांनी मला तार षड्जापर्यंत जाऊच दिले नाही, हाताने थांबवले आणि म्हणाल्या, “काळी चार कशाला हवी आहे तुला आता? कुणाला दाखवायची आहे?” मी म्हटले, “बाई, तीस वर्षे त्याच पट्टीत गातेय.” त्यावर त्यांनी चहा मागवला आणि विषय पुतणीच्या लग्नाकडे नेला.

घरी येऊन मी काळी चारचा मिरजेचा तंबोरा काढला. अर्धा स्वरच उतरवायचा होता, पण उतरवलेल्या तारा लगेच ऐकत नाहीत. खुंट्या सैल केल्या, पंचम बसला, जोड जुळला, तर खर्जाच्या तारेची जवारी, म्हणजे तिचा गुंजणारा झंकार, गेली. घोडीवरचा दोरा केसभर पुढे-मागे सरकवत, मणी हलवत पाऊण तास गेला. तेवढ्यात विद्यार्थिनी आली आणि दारातच थांबून म्हणाली, “ताई, तंबोरा खाली वाटतोय.”

“पांढरी पाच आहे,” मी म्हटले. “बस, तुझाही षड्ज आज इथेच लाव.”

तिला ते जड गेले. दोन वेळा सवयीने ती वरच गेली. तिसऱ्यांदा लागला, आणि मग आम्ही दोघी बराच वेळ मंद्रातच राहिलो.